आजोबांचा ओला पंचा

अभिमन्यू,

तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून तू उठायच्या आत मंडईत जाते. काल पाहुण्यांसमोर मीच म्हणाले, "तुझे आजोबा भर दुपारी राजदूत मोटारसायकलवरून मंगळवेढ्याला जायचे, तुलाच कसलं रे ऊन लागतं?" सगळे हसले. तू रागानं तसाच भर उन्हात गाडी काढून निघालास आणि वाटेत भोवळ येऊन पडलास.

खरं तर आजोबा पहाटे निघायचे. ऊन झालंच, तर डोक्याला ओला पंचा बांधून लिंबाच्या सावलीत थांबत थांबत यायचे. बढाईच्या भरात एवढंच मी नेहमी गाळलं.

ताकात मीठ घातलंय, ते पी. आज गाडीला हात लावू नकोस. पंचा खुर्चीवर ठेवलाय, यापुढं भिजवून हेल्मेटखाली बांधत जा.

पाहुणे जेवायला बसले की हे सगळं मीच त्यांना सांगणार आहे. तेव्हा तू हसलास तरी चालेल.

आज्जी