हॅनाफिन बाईंचे वायसर

टुवूम्बा, ४ ऑगस्ट २००१

चि. नोएलीन हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या इंटरनेटने कारखाना वाचवला, हे मी न्हाव्यापासून पाद्रीबुवांपर्यंत सगळ्यांना सांगतो. फिजीहून पवनचक्क्यांच्या ऑर्डरी येतात. आधी विकायचं, मग बनवायचं. गोदामात गंजत पडलेलं काही नाही. ओतकामाच्या डेसने नवा माणूससुद्धा घेतला. काउंटरवर मात्र आता वारा तेवढा येतो. वारा आला की शाळेतल्या कविता आठवतात, ऐकायला कोणी नसतं.

तू काउंटरवरच्या फोनची लाइन तोडायची म्हणतेस. मग तिकडे लांब क्विल्पी गावापलीकडच्या हॅनाफिन बाईंचं काय? दर महिन्याला त्या पंपाचा चामडी वायसर मागवायला फोन करतात. मी कवितेची एक ओळ म्हणतो, पुढची त्या म्हणतात. नवरा गेल्यापासून तिकडे त्या आणि गुरं. गेल्या महिन्यात फोन आला नाही. आजारी नसाव्यात ना? जरा चौकशी कर.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारा,
बाबा

ब्रिस्बेन, ११ ऑगस्ट

ती. बाबांस सा. न. वि. वि.

बाई ठणठणीत आहेत. त्या दर महिन्याला वायसर घेतात, हे मला कॉम्प्युटरवर दिसलं. एक वायसर तर वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून मीच त्यांना कळवलं होतं, की इतके लागत नाहीत. लागलाच तर इंटरनेटवरून मागवा, स्वस्तही पडेल. काल फोन केला तर म्हणाल्या, वायसरांनी खोकं भरलंय खरं, आणि तुझे बाबाही आता परदेशी गिऱ्हाइकांत बुडालेले असतील, त्यांना कशाला छळू. मीही म्हटलं, हो, फार कामात असतात. तुमची शान राखली हो.

एका बाईसाठी लाइन ठेवायची का, तुम्हीच सांगा. तिथे एकटे बसण्यापेक्षा इकडे या.

रागावलात तरी लोभात काटछाट नको.
नोएलीन

टुवूम्बा, १७ ऑगस्ट

चि. नोएलीन हिस आशीर्वाद.

अगं, वायसर किती टिकतो ते मला ठाऊक नाही होय? तू चुकलीस असं नाही; चांगल्या दुकानदाराने हेच सांगावं. मी कधी सांगितलं नाही, इतकंच.

फोन नेहमी त्यांनीच केला. माझ्याकडे त्यांचा नंबरही नव्हता. तू इथे बसवलेल्या कॉम्प्युटरात सापडला, डेसने कागदावर उतरवून दिला. सकाळभर तो कागद समोर घेऊन बसलो. विकायला काही नसताना बोलणं कसं सुरू करतात? शेवटी एक ओळ घोकली आणि फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला, कोणी उचलला नाही. गुरांच्या पाण्याकडे गेल्या असतील. तिकडे बोअर लांब लांब आहेत.

संध्याकाळी पुन्हा लावणार आहे. तोवर लाइन तोडू नकोस.

घोकलेली ओळ निसटायच्या आत आवरतो. लोभ आहेच.
बाबा