त्रिज्या खोटं बोलत नाही

३ जून
सहा रीटेक! सहा! सलिल काचेपलीकडून म्हणतो, "काकू, भावना नको. तुम्ही यंत्र आहात." अरे बाबा, बत्तीस वर्षं आठवीला विज्ञान शिकवलंय. भावना उरल्यात कुठे!

त्याच्या ऑडिओ मालिकेत मी त्रिज्या. अंतराळयानातलं बोलणारं यंत्र. तिचा नियम एकच — जे ठाऊक नाही ते म्हणायचं नाही. मला आवडते ही बाई. निवृत्तीनंतर इतकी सरळ मैत्रीण भेटली नव्हती.

५ जून
आज अडलं. सातव्या भागात राजस नावाचा यात्री रडतोय. त्याने जोडीदाराला झडप बंद करायला पाठवलं, तो परत आला नाही. "माझ्यामुळे गेला," म्हणतोय. त्रिज्याने धीर द्यायचा. संहितेतलं वाक्य — "स्वतःला दोष देऊ नकोस, सगळं ठीक होईल."

मी म्हटलं, हे त्रिज्या म्हणणार नाही. ठीक होईल हे तिला काय ठाऊक?

"मग तुम्हीच लिहा, काकू. सोळा तारखेपर्यंत."

तोंड कशाला उघडलं मी!

६ जून
जिला मनच नाही ती धीर कसा देईल? सकाळपासून माणसं कसा देतात ते बघतेय. वाण्याकडे एक बाई, नवरा दवाखान्यात. वाणी म्हणाला, "होईल सगळं छान," आणि त्याच दमात, "साखर किलो की दोन?"

मग घरी रक्त घ्यायला मुलगी आली. मला वाटलं, म्हणेल दुखणार नाही. तर ती म्हणाली, "दुखेल. पाचपर्यंत मोजा." चारलाच संपलं! केवढं बरं वाटलं मला. आधी खरं सांगितलं की भीती मापात राहते का? बघायला हवं.

७ जून
काही सुचलं नाही. कोरा कागद.

८ जून
आम्रपालीचा फोन. जयाची मुलगी. "मावशी, आई जेवत नाही. सारखं म्हणते, माझ्यामुळे गेला. तुझी चूक नाही, हे सांगून थकलो आम्ही."

माझ्यामुळे. राजसचंच वाक्य.

जया आणि मी — बावीस वर्षं स्टाफरूममध्ये शेजारशेजारच्या खुर्च्या. तिचा मुलगा समाधान माझाच विद्यार्थी. मार्चमध्ये खराडीच्या ऑफिसातून कात्रजला घरी येताना स्वारगेटजवळ त्याची बाइक... संपलं. मी एकदाच गेले भेटायला, गर्दीत. अशा घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत. मीही म्हटलं नाही. आणि मग खरंच गेले नाही. का, ते लिहायला नको.

१० जून
गेले. अर्धी झालीय जया. शेजारीण बसली होती. "असं मनात आणू नये हो," म्हणाली. जयाने भिंतीकडे तोंड केलं. आणि माझ्या लक्षात आलं — जो तो तिला गप्प करतोय! तिचं म्हणणं काय आहे, हे कुणी पुरतं ऐकलेलंच नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझ्यामुळे कसं? क्रमाने सांग."

शेजारणीने डोळे वटारले. पण जया उठून सरळ बसली. म्हणाली, "सव्वासहाला मी त्याला फोन केला. मामा आलेत, लवकर ये म्हटलं. म्हणून त्याने गाडी हाणली."

"तपासू या."

"काय?"

"तुझी चूक होती का ते. निघाली तर निघाली म्हणेन. खोटं बोलणार नाही."

जया म्हणाली, "चालेल." निघालीच चूक, तर?

१४ जून
आम्रपालीने ऑफिसातून वेळ मिळवली. दारावर कार्ड लावून तो बाहेर पडला सहा बावीसला. पोलिसांच्या कागदावर अपघात सात दहाचा. मी वहीत मांडलं, फळ्यावर मांडायचे तसं. ऑफिस ते स्वारगेट अंतर बारा किलोमीटर. वेळ अठ्ठेचाळीस मिनिटं. म्हणजे ताशी पंधरा.

"जया, ही घाई नव्हे. आपला संपत शिपाई सायकलवर याच वेगाने यायचा. तो नेहमीसारखाच येत होता गं."

तिने पेन्सिल ओढून घेतली. स्वतः भागाकार केला. दोनदा. उत्तर तेच. मग रडली — मोठ्याने, तोंड न झाकता. मी 'रडू नको' म्हटलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. नुसती शेजारी बसले.

अर्ध्या तासाने म्हणाली, "भूक लागलीय." पिठलं-भात! दोनदा वाढून घेतला! आम्रपाली स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत होती.

१६ जून
प्रसंग रेकॉर्ड झाला. राजस रडतो. त्रिज्या विचारते, "तुझ्यामुळे कसं? क्रमाने सांग." मग नुसते प्रश्न — कोणती झडप, किती सेकंद, दार कुणी उघडलं. सलिल म्हणाला, "काकू, यात धीर कुठंय?" मग हेडफोन कानाला लावून तीनदा ऐकलं पठ्ठ्याने. "राहू दे," म्हणाला. पहिल्याच टेकला ओके!

तर्क कोरडा असतो म्हणतात. मला तर न ऐकता दिलेला धीर त्याहून कोरडा वाटायला लागलाय. यावर खूश व्हायला हवं मी. होत नाहीये.

१७ जून
लिहूनच टाकते. अपघाताच्या संध्याकाळी सात नऊला समाधानला मी फोन केला होता. सलिलच्या मालिकेसाठी घेतलेला घरचा माइक चालेना, काय करू विचारायला. माइक! त्याने उचलला नाही. चौदा तारखेला 'सात दहा' मी माझ्या हाताने वहीत लिहिलं, आणि त्याच्या आधीचं एक मिनिट गिळलं. त्रिज्याने गिळलं नसतं.

१८ जून
सांगितलं जयाला.

"माहीत आहे," म्हणाली. "त्याचा फोन मला मिळाला तेव्हाच बघितलं. सॅकच्या तळाशी होता, डब्याखाली, आवाज बंद करून. तुझा फोन त्याला कळलासुद्धा नाही, सरोज. हे तुला सांगायला तीन महिने वाट बघतेय मी. आधी तू येईचनास, आलीस तर बोलेचनास!"