डांगचं धुकं, बारा फुटी

३ ऑगस्ट, रविवार
ठरलं. यंदा मंडळाच्या गणेशोत्सवात माझं फोटोप्रदर्शन. विषय : 'धुक्यातलं डांग'. जन्मभर मराठी शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर खडूने डोंगर काढले. आता खरे डोंगर, खरी झाडं. मंडळाचा सेक्रेटरी अभिजीत विचारत होता, काका, फोटो तयार आहेत ना? म्हटलं, जवळजवळ. कॅमेरा परवाच आलाय.
हॉलची मोठी भिंत मला मिळाली. दर वर्षी ती मालतीबाईंच्या रांगोळ्यांच्या फोटोंना जाते. यंदा बाईंना जिन्याखालची जागा. बाईंनी नमस्कार अर्धाच केला. जळतात.
रजनी म्हणाली, आधी फोटो काढा, मग भिंती अडवा. बायकोला व्हिजन नसतं.

६ ऑगस्ट
मॅन्युअल वाचलं. अर्धं. बाकीचं अनुभवातून येतं.
बाल्कनीत तुळशीवर सराव. तुळस हलली. सुरतेतल्या या पर्वत पाटियाच्या धुळीत आणि टेम्पोंच्या हॉर्नमध्ये नाजूक काम होतच नाही. उद्यापासून पहाटे उठून सराव. रोज. म्हणजे रोज.

७ ऑगस्ट
उठलो नाही. पाठ धरली होती.

१० ऑगस्ट
कार्यक्रमपत्रिका छापून आली. 'सुप्रसिद्ध निसर्गछायाचित्रकार श्री. विनायक नेवे.' 'सुप्रसिद्ध' मी सांगितलं नव्हतं, फक्त सुचवलं होतं. लेकीला, केतकीला, पत्रिकेचा फोटो पाठवला. तिचा लगेच फोन, पुण्याहून सासूबाईंना घेऊन येते म्हणाली. विहीणबाईंसमोर एकदा हे 'रिटायर मास्तर' प्रकरण मिटवून टाकायचं आहे.

१२ ऑगस्ट, सापुतारा
एसटीने आलो. रजनीला आणलं. तिचा गुडघा दुखतो, पण मग ट्रायपॉड कोण धरणार?
धुकं आहे. उत्तम. धुक्यासाठीच आलोय.

१३ ऑगस्ट
धुकं जरा जास्तच आहे. जीपवाला मगन आम्हाला वर जंगलात घेऊन गेला आणि हात करून दाखवत राहिला की इकडे दरी आहे, तिकडे डोंगर आहे. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून दोन्हीकडचे भरपूर फोटो काढले. सगळे पांढरे. मगन म्हणाला, काल या, काल सगळं दिसत होतं. असल्या माणसाशी काय बोलायचं?

१४ ऑगस्ट
आज कळलं की निम्मं धुकं लेन्सवर होतं. खोलीत एसी, बाहेर दमट. रजनी पदराने पुसायला निघाली, तिच्यावर ओरडलो. काच अशी पुसतात का? मग माझ्या रुमालाने शास्त्रशुद्ध पुसली. त्या रुमालात सकाळची भजी बांधली होती.
रजनी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

१५ ऑगस्ट
आजही काही नाही. दिवसभर एका दगडावर बसलो. समोर जंगल आहे. पाण्याचे थेंब पडताना ऐकू येतात, ओल्या पानांचा वास येतो, बेडूक ओरडतात. फक्त दिसत नाही. खरं सांगायचं तर भीती वाटते. पंचवीस फोटो म्हणून सांगितलंय, एक नाही. त्या एवढ्या मोठ्या भिंतीवर लावू काय, माझं कपाळ?
रजनीने थर्मासमधला चहा दिला.

१६ ऑगस्ट, सकाळ
झालं!! जिंकलो!
परत निघायच्या आधी शेवटचं वर गेलो. रजनीने कॅमेऱ्यावर छत्री धरलेली. एकदम धुकं फाटलं. रजनीने माझा दंड धरला आणि अहो बघा, अहो वर बघा तरी, असं ओरडत सुटली. मी आयएसओचा आकडा लावत होतो. अशा वेळी फोटोग्राफरला हलवू नये हे तिला कधी कळणार? कसंबसं बटण दाबलं. तेवढ्यात पुन्हा मिटलं.
एकच फोटो. पण काय फोटो! कॅमेऱ्याच्या पडद्यावर काडेपेटीएवढा दिसतो, तरी कळतं. करड्या धुक्यात एक वाकडं झाड. बाकी तपशील मोठा केल्यावर.

१८ ऑगस्ट, सुरत
नवी कल्पना. पंचवीस फोटो सामान्य लोक लावतात. मी एकच लावणार, बारा फुटी. धर्मेंद्र, माझा जुना विद्यार्थी, गोडादऱ्यात साड्यांच्या डिजिटल प्रिंटचं युनिट चालवतो. भूगोलात नापास व्हायचा, पण पोरगा गुणी. कापडावर छापून देतो म्हणाला. पाया पडला. मग विचारलं, सर, पदर कोनता बाजूले घेवाना? त्याला शांतपणे समजावलं की ही साडी नाही, कला आहे. हो सर म्हणाला, आणि किनार लागेल का ते विचारलं.
फाइल दिली. घरी येऊन कॅमेऱ्याचं अख्खं कार्ड कोरं केलं, सगळा पांढरा कचरा उडवला. कामात शिस्त हवी.

२५ ऑगस्ट
उद्या कापड येणार. रजनी दोनदा म्हणाली, एकदा जाऊन बघून या. विद्यार्थ्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर?

२६ ऑगस्ट
कापड आलं. पांढरं आहे.
पूर्ण पांढरं. धर्मेंद्र स्वतः घेऊन आला, पेढे घेऊन. सांगत होता की फाइलीत सगळीकडे करडे डाग होते, मधोमध तर झाडासारखा मोठा धब्बा. त्यांच्या डिझायनर वर्षाताईंनी दिवसभर बसून एकेक डाग काढला. साडीच्या धंद्यात ग्राउंड, म्हणजे मागचं कापड, साफ लागतं. सरांचं काम, म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवलं त्यांनी.
मूळ फाइल मागितली. ताईंनी त्याच फाइलवर सफाई केली होती. तुमच्याकडे असेलच ना सर, म्हणाला. म्हटलं, अर्थात.
पुन्हा पाया पडला. रागवणार तरी कसं? तोंडात पेढा होता. केतकी आणि विहीणबाई गाडीत बसल्यात.

२७ ऑगस्ट, चतुर्थी
रात्रभर विचार केला. पांढराच जास्त परिणामकारक आहे. नाव बदललं : 'शून्य दृश्यता'. समजायला तयारी लागते.
मंडळात एकाने विचारलं, फोटो कधी लावणार? विहीणबाई कापडासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, स्वच्छ आहे. केतकी माझ्याकडे बघत नव्हती.

२९ ऑगस्ट
काल संध्याकाळी मालतीबाईंच्या रांगोळ्यांचा स्लाइड शो होता. मंडळाचा पडदा फाटका निघाला. अभिजीतने भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, काका, तुमचं कापड एकदम सपाट आहे, चालशे ने? हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?
माझ्या डांगवर तासभर मोर, कमळं, स्वस्तिकं. रंग काय उठतात, म्हणाले लोक. तसं बघितलं तर सगळा हॉल माझ्याच फोटोकडे बघत होता.
मग प्रोजेक्टर बंद झाला, खुर्च्या उचलायला लागले. बघतो तर रजनी मालतीबाईंचा हात धरून कापडापाशी उभी. कोऱ्या कापडावर बोट फिरवून सांगत होती, हे इथून खोड निघालं, इथे असं वाकलं. या फांदीवर नेचे, हिरवेगार, थेंब लोंबत होते. आणि इथे, पार टोकाला, पांढऱ्या आमरीच्या फुलांचा तुरा. एवढासा, पण काय सांगू मालतीबाई, असं वाटलं देवाने आत्ताच ठेवला. मालतीबाई मान हलवत होत्या. त्यांनी पण बोट लावून विचारलं, इथे का?
आमरी होती? मला माहीतच नव्हतं. मी आकडा लावत होतो.
जवळ गेलो. चष्मा पुसून घातला. रजनी वळून म्हणाली, अहो, दिसतंय ना?
म्हटलं, दिसतंय की. मला काही दिसत नव्हतं.