दापोलीला आपल्याच गाडीने

३ फेब्रुवारी
दिवाळीनंतर पहिल्यांदाच सकाळी जीपला चावी मारली. काहीच नाही. लाइट नाही, हॉर्न नाही, साधं खुट्ट नाही. सत्तावीस वर्षांची गाडी आहे, तिलाही विश्रांती हवी. बारा तारखेला वेदिकाचा दापोलीला कृषी विद्यापीठात इंटरव्ह्यू. लेकीला आपल्याच गाडीने नेणार, असं मी आळीभर जाहीर केलंय. नऊ दिवस आहेत. मला एक पुरे.
मालन म्हणाली, साळवी स्टॉपच्या नितेशला बोलवा, तो गाड्यांचं वायरिंग करतो. मी एकतीस वर्षं वीज खात्यात काढली, हे बायकोलाच आठवत नाही. बिल विभागात होतो हे खरं. पण वीज ती वीज.

४ फेब्रुवारी
निदान: बॅटरी गेली. नवी आणून स्वतः बसवली. चावी मारली. काहीच नाही. नवीन आहे, रुळायला वेळ लागेल.

५ फेब्रुवारी
रुळली नाही.

६ फेब्रुवारी, दुपारी
सगळे फ्यूज एकदम काढले. काम पद्धतशीर हवं. कुठला कुठे होता ते लक्षात राहील असं वाटलं होतं. सगळे शाबूत. परत बसवल्यावर एक उरला. जास्तीचाच असणार.

९ फेब्रुवारी
उतारावरून ढकलून सुरू करायचा बेत. शेजारचा हर्षद आणि त्याचे दोन भाऊ मागे, मी स्टिअरिंगवर. गाडी छान पळाली. इंजिन मात्र गप्प. थेट हर्षदच्या फाटकात जाऊन थांबली, त्याची कार आत अडकली. तो म्हणाला, काका, मला उद्या संगमेश्वरला जायचंय. मी म्हटलं, एसटी आहे की. लोकांना सवयी वाईट लागल्यात.

१० फेब्रुवारी
वेदिकाने हळूच विचारलं, बाबा, एसटीचं रिझर्वेशन करू? मी म्हटलं, बापावर विश्वास नाही? ती म्हणाली, "तुमच्यावर आहे हो. गाडीवर नाही."
खरं कारण फक्त इथे लिहितो. दापोलीपर्यंत चार तास ती माझ्याशी बोलली असती. गेलं वर्षभर आमचं बोलणं म्हणजे 'जेवलीस का' आणि 'चार्जर कुठाय'.
उद्या इग्निशन स्विच खोलणार.

११ फेब्रुवारी
खोलला. आतला एक स्प्रिंग उडाला. शोध चालू.

१२ फेब्रुवारी, सकाळी ६
गाडी सुरू होणारच होती, वेळ कमी पडला. वेदिका पहिल्या एसटीने गेली. स्टँडपर्यंत रिक्षा मालनने परवाच सांगून ठेवली होती म्हणे. निघताना वेदिका पाया पडली. माझे हात ग्रीसने काळे, त्यामुळे डोक्यावर हात ठेवता आला नाही.

दुपारी
मालनने नितेशला आणलंच. त्याने आधी स्प्रिंग शोधून स्विच जोडला. मग बॅटरी आणि बॉडीमध्ये टेस्ट लॅम्प धरला. "काका, बॅटरी ठणठणीत हाय. पण अर्थिंगची वायर बॉडीला लागतच नाय. बोल्टाखाली रंग कोणी मारलान?"
रंग दिवाळीत मी मारला होता. खाऱ्या हवेत गंज धरू नये म्हणून, दोन हात. म्हटलं, कोण जाणे.
मालन माझ्याकडे बघत होती. नितेशने रंग खरवडला, बोल्ट आवळला, चावी मारली. सुरू! एकूण वेळ दहा मिनिटं, त्यातली आठ स्प्रिंगची. तरी दोष विजेचाच निघाला. माझी दिशा बरोबर होती.

२० फेब्रुवारी
वेदिकाची निवड झाली. एक तारखेला हजर व्हायचं, राहायलाही दापोलीतच. मी लगेच म्हटलं, सोडायला मी येतो, आता एका चावीत सुरू होते. ती म्हणाली, "नको बाबा, एसटीच बरी. रस्ताभर झोप होते."
बरोबर आहे. झोप महत्त्वाची.
संध्याकाळी गाडी काढली. एका चावीत सुरू. एकटाच शिरगावपर्यंत जाऊन आलो. मालनने विचारलं, कुठे गेला होतात? म्हटलं, टेस्टिंगला.
गाडीत काही दोष नाही.