चावून भरवलेली भाकर

प्रिय शिवकन्या,

मागच्या खेपेला तू छत्री विसरून गेलीस, त्याच्या आधी चार्जर. म्हातारीलाच विसरलीस तर नवल काय? तरी सांगून ठेवते, मी तुझी आजी वच्छलाबाई, परतूरची, अजून जिती आहे. पत्र शेजारची दैवशाला लिहून राह्यली. मला अक्षर येत न्हाई, आणि फोन तुझी आई मोठ्या आवाजावर लावते, मंग सारं घर ऐकतं. दैवशालेच्या पोटात गोष्ट राहते. माझ्या पोटात तर भाकरसुद्धा राहत नव्हती.

त्याच पोटाची खबर. वीस वर्षांची जळजळ मी मिरचीच्या नावावर टाकली. ठेचा सोडला, चहा सोडला, जळजळ काही मला सोडीना. शेवटी तुझ्या आईनं, शालूनं, जालन्याला नेलं. डॉक्टरनं घशातून कॅमेरा घातला आणि मंग माझ्याच पोटाचा फोटो मला दाखवला, आतून सोलल्यासारखं लालभडक. म्हणे, आजी, आत जंतू आहेत, त्यांनी अस्तराला जखमा केल्या. हे बहुतेक लहानपणीच शिरतात, घरच्याच माणसाकडून. जंतू मेले की अस्तर भरून येतं. चौदा दिवस मूठभर गोळ्या दिल्या. तोंड कडू जहर झालं. सातव्या दिवशी जळजळ थांबली, तशी मी गोळ्या बंद करायला निघाले. पण शालू रोज पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी. गोळ्या पुऱ्या खाल्ल्या.

त्या डॉक्टरनं एक विचारलं होतं, घरात लेकरांना कोणी चावून घास भरवतं का? मी म्हणाले, बिलकुल न्हाई. शिवे, मी खोटं बोलले. तू आठ महिन्यांची होतीस, शालू कापूस वेचायला जायची, आणि मी ज्वारीची भाकर माझ्या तोंडात मऊ करून तुझ्या तोंडात घालायची. शालू नको म्हणायची, म्हणून ती गेल्यावर. तू पाखराच्या पिलासारखी तोंड वासायचीस. माझ्या सासूनं माझ्या लेकरांना असंच वाढवलं. डॉक्टरसमोर शालू भिंतीकडं बघत गप बसली. तिनं माझी लाज राखली का मला टोचलं, अजून कळलं न्हाई.

डोकंच चालेना. तुझं पोट शाळेपासून दुखतं, आणि मी म्हणायची, पोरीचे जेवायचे नखरे आहेत. डॉक्टरला मंग एकटीनं गाठून विचारलं. तो म्हणाला, कोणाचं कोणाला लागलं ते सांगता येत न्हाई, नातीला तपासा. म्हणजे मी तुला जगवलं का दुखणं दिलं? का एकाच घासातून दोन्ही गेलं?

म्हणून हे पत्र. जालन्याला जा आणि जंतूची तपासणी कर. निघाले तर गोळ्या पुऱ्या खा, मधीच सोडू नको. तुझ्या बाळाला कोणी चावून भरवू नये, मी हट्ट केला तरी. उष्टावणाला मी येत न्हाई. महिन्यानं माझी पुन्हा तपासणी आहे, तोवर मला माझ्याच तोंडाचा भरवसा न्हाई. दैवशालेचा नवरा भारत रोज रेल्वेनं तुमच्या बदनापूरला नोकरीला येतो, त्याच्याच हाती हे पत्र देते. राग आला तर येऊ दे, पण उष्टावणाची खीर त्याच्या हाती डब्यात पाठव. बाळाच्या वाटीत उरलेली नको. आधीच माझी वेगळी काढ, आणि गुळाला हात आखडू नको.

तुझीच,
खोटारडी आजी