नवतप्यातला स्वेटर

४ मे, सकाळ
आजपासून रोजनिशी. घरात एकाने तरी डोकं शांत ठेवायला हवं. बायकोचं, वंदनाचं, हार्मोन्सचं वय सुरू झालंय. दहावीच्या मुलांना ग्रंथी शिकवण्यात माझी हयात गेली. मला नाही कळणार तर कोणाला? रात्री कूलर बंद केला तर उठून बसली. म्हणे, जीव गुदमरून राहिला. नागपुरात उन्हाळा काय नवीन आहे? संकल्प: संयम.

७ मे
कूलर बंद केला. तिने लावला. मी स्वेटर घातला. तडजोड मी केली, याची नोंद असावी. लेक मिनल म्हणाली, बाबा, बाहेर पंचेचाळीस आहे. मी समजावलं, आईचं इस्ट्रोजेन घटलं, म्हणून तिला गरम होतं. ती माझ्या स्वेटरकडे पाहत बसली. आजकालच्या पोरांना विज्ञानात रस नाही.

१० मे
दुपारी पडलो तो संध्याकाळीच उठलो. ट्यूशनची मुलं दारावरून परत गेली. उन्हाची झोप लागतेच. पँट घट्ट होते. कापड आटलं असणार. आवाज मात्र भारदस्त झालाय. वक्त्याला शोभतो. संकल्प: उद्यापासून फुटाळा तलावावर फिरायला.

११ मे
थंडी होती. गेलो नाही.

१४ मे
कॉलनीच्या महिला मंडळात माझं व्याख्यान, ‘हार्मोन्स आणि आपण’. झकास! पिट्युटरी म्हणजे सासू, थायरॉइड म्हणजे सून. सून सुस्तावली की सासूचा आवाज चढतो. तो आवाज म्हणजे टीएसएच. बायका सुरुवातीपासूनच हसत होत्या. मग घरचं उदाहरण दिलं. वंदनाचा घाम, चिडचिड, कूलरची भांडणं, सगळं नाव घेऊन. उदाहरणाशिवाय विषय पोचत नाही. हसणं एकदम थांबलं. गांभीर्य पोचलं असावं. वंदना तिसऱ्या रांगेत होती. नंतर दिसली नाही.

१५ मे
वंदना काटोलला भावाकडे, प्रेमानंदकडे, निघून गेली. मला न सांगता. मिनलला एवढंच म्हणाली, “तुह्या बाबाले सांग, मले इथं लय गरम होऊन राहिलं.”
हार्मोन्स. दोन दिवसांत येईल.

१९ मे
आली नाही. फोन उचलत नाही. कूलर बंद, घरात शांतता, मजा आहे. वरण करपलं. रजईत बसलो असताना रडू आलं. कांद्यामुळे असेल. कांदा चिरला नव्हता.

२२ मे
प्रेमानंदला फोन केला. म्हटलं, तिचं रक्त तपासू, दूध का दूध, पानी का पानी. वंदनाचा निरोप आला: तपासते, पण दोघांचं. मला हसू आलं. सांच को आंच काय?

२६ मे
नवतपा लागला, उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस. डॉक्टर भैरवी माझीच जुनी विद्यार्थिनी. वंदना काटोलहून थेट दवाखान्यात आली, शेजारच्या खुर्चीत बसली. तिचं थायरॉइड ठीक. वयाचा त्रास आहे, घाम येणारच, घरच्यांनी सांभाळून घ्यावं, असं भैरवी म्हणाली. माझा टीएसएच पाहिला. वाटलं, आकड्यातलं दशांशाचं टिंब छापायचं राहिलं.
थंडी वाजते? झोप? वजन? आवाज जड? चिडचिड? मी मान हलवत गेलो.
“सर, ही लक्षणं तुम्हीच आमच्याकडून पाठ करून घेतली होती.”
सासू केव्हाची ओरडून राहिली होती आणि मी भलत्याच सुनेला बोल लावत होतो. भर उन्हाळ्यात स्वेटरच्या गुंड्यांशी चाळा करत बसलो. मान वर होईना. वंदनाने माझा रिपोर्ट घडी करून पर्समध्ये ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं.

२७ मे
वंदना घरी. पहाटे उठवून गोळी आणि पाणी हातात दिलं. चहा तासाभराने मिळेल म्हणाली. संकल्प: मंडळात सगळ्यांसमोर माफी मागायची. अध्यक्षीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, माफी वंदनाताईची मागा. आम्ही तर त्या दिवशी तुमच्या स्वेटरलेच हसून राहिलो होतो.

दुपारी माफीची वाक्यं जुळवली. आधी कूलर लावला, त्याचं तोंड तिच्याकडे केलं. रजईत शिरलो तरी दात वाजत होते.
“थंडी वाजून राहिली ना? बंद करू का?”
नको म्हटलं. तिने उठून बंद केला आणि वर्तमानपत्राने वारा घेत पडून राहिली. उठून लावायला हवा होता. माफीही मागायची होती.
मला लगेच झोप लागली. हार्मोन्समुळे, असं लिहिणार होतो.