मिरजेच्या खिडकीतले पंधरा दिवस

सांगली, रविवार, ७ जानेवारी २०२४

ती. मंगलताईस,

शरयूचा साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे तो हल्ली कागदावरच होतो, गोड मानून घे.

तुला फोनवर सांगितलं की नोकरी छान चालली आहे, ते खोटं. तुझा भाचा वरद पुण्याहून त्याच कॉलवर होता, म्हणून तसं म्हटलं. मिरजेच्या त्या हॉस्पिटलात नावनोंदणीच्या खिडकीत दुपारी दोन ते सहा बसते. एका पेशंटला दीड मिनिट. त्याहून वेळ लागला की पडद्यावर लाल पट्टी येते, आणि आमची हेड अंकिता, वय वर्षं सव्वीस, मान वळवून बघते. माणसं कडेगावहून, म्हसवडहून येतात, दुखणं सांगायला तोंड उघडतात, आणि मी पुढचा नंबर पुकारते. पहिल्या दिवशी बसमध्येच मला रडू आलं.

पण दिवाळीत वरदने अट घातली ती तुला ठाऊक आहे. हे गेल्यापासून दोन वर्षं मी एकटी घरात बसून असते, म्हणून त्याला काळजी. ही नोकरी गुढीपाडव्यापर्यंत टिकवली तर तो पुण्याला चल म्हणणार नाही. नाही टिकली तर सांगलीचं घर बंद. म्हणून दात आवळून जाते आहे.

भडंग पाठवलं आहे. खोकला असेल तर खाऊ नकोस, म्हणजे तू खाशीलच.

तुझी,
शरयू


सातारा, ११ जानेवारी

प्रिय शरयू,

अनेक आशीर्वाद. भडंग संपलं, खोकला आहे.

तुझ्या खिडकीचं वाचून हसू आलं. लहानपणी भाजीवालीला भाव विचारायला तुला पाठवलं, की तू तिच्या नातवंडांची नावं विचारून रिकाम्या हाताने परत यायचीस. तुला दीड मिनिटाच्या कामाला लावणाऱ्या त्या अंकिताचीच मला दया येते.

तब्येत सांभाळ. बसमध्ये रडायचंच तर खिडकीची जागा धर.

ताई


सांगली, २१ जानेवारी

ती. ताईस नमस्कार.

नोकरी सोडली. पंधराव्या दिवशी. सगळं सांगते, मग रागाव.

सोमवारी म्हसवडकडच्या चंद्राबाई म्हणून एक बाई आल्या, सत्तरीच्या. नवऱ्याला बरेच दिवस ताप होता आणि तिकडच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं होतं. नवरा ठार बहिरा, बाकावर बसलेला. कागदपत्रं पुतण्याच्या खिशात आणि तो गाडी लावायला गेलेला. पेशंटचं नाव विचारलं तर बाई पदर तोंडाला लावून गप्प. पुन्हा विचारलं. म्हणाल्या, आवं, मालकांचं नाव मी कसं घिऊ? पन्नास वर्सांत घेतलं न्हाई. मागून एक जण ओरडला की मावशी, लय येळ लावला, आमी काय मुक्कामाला आलोय व्हय? पट्टी लाल झाली. तेव्हा बाईच म्हणाल्या, माझंच घाला की बाई, चंद्राबाई. आमी काय येगळं हाय का?

मला आई आठवली. आपल्याला पाचगणीच्या कॉन्व्हेंट बोर्डिंगमध्ये घालताना तिथल्या सिस्टरने बाबांचं नाव विचारलं, तेव्हा ती अशीच लाजून तुझ्या पाठीत बोट खुपसत होती. मी हसले, पुतण्या आला की दुरुस्त करू म्हणून चंद्राबाई घातलं, आणि गर्दीत विसरले.

तासाभराने रक्त घेणाऱ्याने चंद्राबाई अशी हाक मारली. बाई उठल्या आणि हात पुढे केला. त्यांना वाटलं, नवऱ्याच्या दुखण्यात बायकोचंही रक्त लागत असेल! संध्याकाळी रिपोर्ट आला तेव्हा घोटाळा कळला. अंकिता संतापली, आणि तिचं बरोबर होतं. अशा चुकीने माणूस जातो. नवऱ्याचं रक्त लगेच घेतलं. चुकीचा रिपोर्ट रद्द करा म्हणाली. पण मी तो वाचला होता. हिमोग्लोबिन सहा! तसाच तो घेऊन मी बाईंना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याच दिवशी दाखल करून घेतलं. दोन वर्षं शेतात चक्कर येत होती म्हणे. कुणाला सांगितलं का नाही, विचारलं, तर म्हणाल्या, कुणाला सांगायचं, समद्यास्नी कामं हायती. पुतण्याने म्हाताऱ्याच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. तो बायकोकडे बघत म्हणाला, अगं, घ्यायचं हुतंस की नाव, मी काय मेलो असतो व्हय? आणि डोळे पुसू लागला.

अंकिताने मला काढलं नाही. उद्यापासून कार्ड पाहिल्याशिवाय नाव घालायचं नाही, एवढंच बजावलं. मीच चार दिवस जाऊन पाहिलं. रांग ओरडली की मी घाईत न वाचताच बटण दाबते. उद्या आणखी कुणाचं काही चुकवलं तर? शनिवारी राजीनामा दिला.

आता वरदला कसं सांगू? ताई, तूच सांग ना. त्याच्या दृष्टीने अट मोडली. बोलायला लागले की तो समजुतीने बोलतो आणि मी हो म्हणून बसते.

तुझी,
शरयू


सातारा, २५ जानेवारी

शरयू,

आशीर्वाद आणि एक नकार. मी सांगणार नाही.

शाळेत दर रविवारी घरी पत्र लिहायचं असे. सिस्टर वाचून मगच पाकीट बंद करायची. पहिलं वर्षभर तू रडून रडून अर्धी झालीस. पण पत्रात काय? मी मजेत आहे, इथे पेअरची झाडं आहेत. मी शेजारी बसून बघत असे. पुढे बाबा मला म्हणाले होते, धाकटी किती रमली बघ! घरी यायचंय असं तू एकदाही लिहिलं नाहीस. लिहिलं असतंस तर ते दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आले असते.

वरदशी तू नोकरीची पैज लावलीस. तुला काय हवंय ते त्याला सांगितलंस का? मला तर नाही आठवत. फोन करू नकोस, त्यावर तू हो म्हणशील. लिही. आता पत्र तपासायला कुणी नाही.

तुझ्यावर कधीच न रागावलेली,
ताई


सांगली, रविवार, २८ जानेवारी

चि. वरदला अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडली. माझी चूक झाली होती. कशी, ते भेटशील तेव्हा सांगेन. अट मोडली हे मला मान्य आहे. पण ती अट मीच घाबरून कबूल केली होती. खरं बोलणं राहून गेलं होतं, ते आज लिहिते.

मला पुण्याला यायचं नाही. तुझ्यावर किंवा सूनबाईवर नाराज नाही. सकाळी मी कृष्णेच्या घाटावर जाते, तिथे चार बायका माझी वाट बघतात. दुपारी घरात शांत असतं, त्याला तू एकटेपण म्हणतोस. मला ते आवडतं. कधी वाईटही वाटतं, आणि तेही मला माझ्याच घरात वाटून घ्यायचं आहे. आजारी पडले तर लपवणार नाही, पहिला फोन तुलाच करीन.

एवढी कारणं दिली, कारण तुला कारणं लागतात. पण यातलं एकही नसतं ना बाळा, तरी मला इथेच राहायचं होतं.

तुझी आई